रफूगाराची शाल

फार पूर्वीची नव्हे, ही गेल्या वैशाखातलीच गोष्ट. एका गच्चीवर एक बाई कुरडया घालत होत्या, भर उन्हात, बाह्या वर सारून. त्या बाईंच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, कातडीच्या आत एक गाव होतं. शाळेच्या पुस्तकात अशा गावाला पेशी म्हणतात. सुईच्या टोकावर तसली दोन-चार गावं मावतील, पण आत राहणाऱ्यांना ते पुरेसं मोठं होतं, आणि गर्दी तर विचारू नका.

त्या गावात एक मावशी होती. तिचं काम घड्या घालायचं. कारखान्यांतून जो कोणी नवा जन्माला येई तो आधी नुसत्या ओल्या दोरीसारखा लोंबत असे. मावशी त्याला धरायची, इथे दुमड, तिथे वळव, असं करत नीट आकारात बसवायची आणि मगच कामावर सोडायची. घडी चुकली, किंवा पुढे कधी सैल पडली, की भंगारवाला येऊन घेऊन जाई आणि तुकडे करून टाकी. त्यामुळे एकदा घडी घालून झाली तरी मावशीचं लक्ष सुटत नसे. कोण कुठे गेला, कोणाबरोबर दिसला, सकाळी ताठ होता तो दुपारी वाकला का, सगळं तिला ठाऊक. लोक मागे म्हणत, मावशीला नको तिथे डोकवायची फार हौस. मावशीच्या कानावर ते आलेलं होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं तिला काही दिसलं नव्हतं.

गावाच्या मधोमध एक गोल घर होतं. सगळे त्याला आतलं घर म्हणत. तिथे गावाची पोथी होती. पोथी कागदाची नव्हे, दोन दोऱ्यांना पीळ घालून केलेली, लांबच लांब, आणि त्या दोऱ्यांत अक्षरं गुंफलेली. कारखान्यात काय घडवायचं ते सगळं तिच्यात. पोथी कधी बाहेर येत नसे. लागेल त्या पानाची नक्कल तेवढी बाहेर येई. आणि गंमत अशी, की आतल्या घरात काम करणारी माणसं मात्र बाहेरच जन्मायची आणि मग आत जायची. कशी जायची, हे मावशीनं कधी विचारलं नव्हतं. आश्चर्यच म्हणायचं, पण नव्हतं विचारलं. ज्याला बोलावणं येतं त्याला दार उघडतं, असं ती आपली धरून चालली होती.

कुरडयांच्या दिवसाआधी चार दिवस तिच्या हातून एक रफूगार घडला. पोथीचा दोरा कुठे बिघडला तर तेवढाच भाग कापून काढायचा आणि नवा विणून बसवायचा, हे त्याचं काम. चांगला थोराड होता. मावशीनं त्याची घडी मन लावून घातली. शेवटी खांद्याशी आली आणि थबकली. सगळं अंग गुळगुळीत, आणि खांद्यावर पाच-सहा टेंगळं, एकाला एक लागून. दाबून बसेनात, दुमडून जाईनात.

मावशीला हसू आलं. म्हणाली, हे काय बाई, खांद्यावर बटाट्याचं पोतं घेऊनच जन्मला. मग तिला त्याची दया आली. आपल्या हातचं पोर असं चारचौघांत जायचं म्हणजे लोक नावं ठेवणार. तिनं एक छानशी शाल आणली, त्याच्या खांद्यावर घट्ट लपेटली आणि टोकं खोचून दिली. तेव्हापासून रफूगारानं ती शाल काही उतरवली नाही. कुणी कौतुकानं हात लावायला गेलं तरी तो खांदा चोरून घेई.

त्या दिवशी गच्चीवरचं ऊन भिंतीतून थेट आतल्या घरापर्यंत पोचलं आणि पोथीच्या एका पानावर शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसली. नक्कल काढणारा त्या पानावरून चालला होता तो तिथेच अडला. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. ते पान होतं कातडी ताठ ठेवणाऱ्या धाग्यांचं. बाहेर कारखान्यात लोक नक्कल कधी येते म्हणून हात बांधून बसले. त्याहून वाईट म्हणजे त्याच संध्याकाळी सबंध पोथीची दुसरी प्रत काढायची होती, कारण गावाची दोन गावं व्हायची होती. ती गाठ तशीच राहिली तर चूक नव्या पोथीत उतरणार, मग तिच्या नकलेत, मग पुढच्या प्रत्येक गावात.

आतून निरोप आला, रफूगाराला पाठवा.

मावशीचा ऊर भरून आला. आपल्या हातचा मुलगा आतल्या घरी जाणार. तिनं त्याची शाल झटकली, पुन्हा लपेटली आणि निघताना एवढंच बजावलं की वाटेत तो एक हात लावणारा फिरत असतो, त्याच्यापासून लांब राहा. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आतल्या घराच्या भिंतीशी एकजण सदा घुटमळत असे. येईल त्याच्या पाठीवरून, खांद्यावरून हात फिरवायचा, बहुतेकांना सोडून द्यायचा, मध्येच एखाद्याला कवेत धरून कुठेतरी गडप व्हायचा. लोक त्याला वाटाड्या म्हणत. मावशी त्याला वाह्यात म्हणे.

रफूगार निघाला. मावशी दोन पावलं मागे ठेवून त्याच्यामागे निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आता एवढं घडवलेलं पोर, आत जाताना तरी बघायला नको?

आतल्या घराच्या भिंतीला झरोकेच झरोके होते, हजारोंनी. प्रत्येक झरोका गोल, आठ पाकळ्यांच्या कड्यात बसवलेला. मावशीनं दार शोधलं, ते नव्हतं. कडी नव्हती. रखवालदार नव्हता. कड्याच्या आतल्या अंगाने नुसते मऊमऊ दोरे लोंबत होते, खिरीतल्या शेवयांसारखे एकात एक गुंतलेले. आणि त्या शेवयांमधून मिठाचे कण, साखरेचे कण, पाणी, सगळे खुशाल आतबाहेर करत होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मावशी म्हणाली, एवढं तर सोपं आहे. जा.

रफूगार गेला. दोरे मऊच होते, पण तो टेकला तसे ते जवळ आले. त्यानं रेटलं, त्यांनीही तेवढंच रेटलं. राग नाही, भांडण नाही, आणि वाट पण नाही. तो परत मागे आला.

मावशीला काही कळेना. तिनं जाणाऱ्या मिठाला अडवून विचारलं, तुम्ही कसे जाता रे?

मीठ म्हणालं, "कसे म्हणजे? जातो."

"काही म्हणावं लागतं का? काही दाखवावं लागतं?"

"मावशी, आम्ही एवढेसे. आम्हाला कोण विचारतंय." मग त्यानं रफूगाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकांना म्हणावं, पोट आत घ्या."

रफूगारानं पोट आत घेतलं. आडवा होऊन गेला, तिरका होऊन गेला. मिठाच्या घोळक्यात मिसळूनही गेला. घोळका आत, हा बाहेर. मावशीनं दुसरा झरोका बघितला, तिसरा बघितला. एखादा तरी जरा मोठा असेल. सगळे सारखे. एरवी अशा वेळी ती दाराशी जो कोणी बसला असेल त्याच्याशी गोड बोलायची, नाहीतर भांडायची, पण इथे भांडायलाच कुणी नव्हतं. दोऱ्यांशी काय बोलणार?

तेवढ्यात आतून काहीतरी बाहेर आलं. ते बघून तर मावशी मटकन खालीच बसली. ते होतं कारखान्याचं अर्धं यंत्र, आतल्या घरात जुळवलेलं. रफूगारासारखे कितीतरी त्याच्यात मावले असते. आणि ते कसलं रेटत नव्हतं, कुठे अडत नव्हतं. पाण्यातून बाहेर यावं तसं त्या दोऱ्यांमधून अलगद बाहेर आलं, दोघाचौघांच्या हातात हात घालून.

म्हणजे मोठं असणं ही अडचण नाही तर. मग अडचण आहे तरी कोणती?

मावशीनं डोकं खाजवलं आणि तिला सुचलं ते असं, की आतलं घर म्हणजे मानाची जागा. तिथे जायचं तर नीटनेटकं जायला हवं. पोरगं गरिबासारखं एकाच शालीवर आलंय. ती धावत घरी गेली आणि दुसरी, जास्त भारी शाल घेऊन आली. पहिलीवर तीही लपेटली. टोकं चांगली खोचली. आता टेंगळांची जागा हाताला लागणारच नाही, अशी सपाट झाली.

रफूगार पुन्हा गेला. पुन्हा परत आला. या खेपेला तर तो दोऱ्यांपर्यंत नीट पोचलाही नाही.

तो वाटाड्या तिथे जवळच फिरत होता. मावशीनं कितीही डोळे वटारले तरी तो रफूगारापाशी आलाच. शालीवरून हात फिरवला, जरा थांबला, पुन्हा फिरवला आणि पुढे गेला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. मावशीनं मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

बाहेर कारखान्यातले लोक येऊन विचारून जायला लागले, नक्कल आली का? आतून दुसरा निरोप आला, मग तिसरा. आणि एवढ्या वेळा रेटारेटी करून रफूगाराची घडी कडेनं उकलू लागली होती. एक बाजू खाली ओघळली होती. मावशीनं ती परत दुमडून दिली, ती परत ओघळली. तिनं वळून पाहिलं. कोपऱ्यावर भंगारवाला येऊन बसला होता. घाई नव्हती त्याला. नुसता बसला होता.

रफूगार हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी कामाचाच नसेन कदाचित. निरोप दुसऱ्या कुणासाठी असेल."

 आजवर मावशीला एवढं तरी माहीत होतं की गावात काय चाललंय. आज काहीच माहीत नव्हतं. लहान जातं, खूप मोठं जातं, हाच जात नाही. साधा जात नाही, सजवला तर त्याहून जात नाही. तिला स्वतःचाच राग आला आणि तो राग काढायला समोर सापडला तो वाटाड्या. ती तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय रे, तू येईल त्याच्या अंगाला हात का लावतोस?"

वाटाड्या दचकलाही नाही. "ओळखायला."

"तोंड बघून ओळखता येत नाही?"

"नाही, मावशी. तोंडं मला सगळी सारखीच. ज्याला आत जायचं असतं त्याच्या अंगावर टेंगळं असतात. पाच-सहा, एकाला एक लागून. ती माझ्या पंजात बसतात. बसली की मी नेतो, नाही बसली की सोडतो. मला एवढं एकच काम येतं."

मावशीनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. तिच्या हाताला अजून त्या टेंगळांचा स्पर्श आठवत होता. दाबून बसेनात, दुमडून जाईनात. जणू मुद्दामच तिथे ठेवलेली.

वाटाड्यानं रफूगाराकडे मान वळवली. "हा भला माणूस सकाळपासून फेऱ्या घालतोय. मी तीनदा बघितलं. हाताला नुसतं कापड लागतं."

मावशीला खरं तर तेव्हा निमूट घरी निघून जावंसं वाटलं. कुणाला कळलंही नसतं. शाल तिनं घातली हे त्या दोघांनाच ठाऊक. रफूगाराला म्हणता आलं असतं, उकडतंय, शाल काढून ठेव. पण तो तसा काढणार नव्हता, हेही तिला माहीत होतं. त्यानं त्या शालीखाली जे लपवलं होतं ते लाजिरवाणं आहे, हे त्याला शिकवलं होतं कुणी?

ती त्याच्याजवळ गेली. "काढ ती शाल."

"इथे? सगळ्यांसमोर?" त्यानं टोक घट्ट धरलं. "हसतील, मावशी."

"हसतील. पण सगळ्यात आधी मी हसले होते." मावशीनं हे मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, मिठाच्या घोळक्याला ऐकू जाईल असं. "तू तेव्हा ओला होतास, तुला आठवत नसेल. बटाट्याचं पोतं म्हणाले मी. मग वाटलं, पोराचं व्यंग झाकावं. तो तुझा आत जायचा दाखला होता, बाळा, आणि मी त्याच्यावर एक सोडून दोन शाली घातल्या. मला कळलं नाही. आता कळलं तेवढं ऐक."

 कोपऱ्यावरचा भंगारवाला उठून दोन पावलं पुढे आला. मग रफूगारानं वरची शाल काढली. मग खालची. टेंगळं उघडी पडली. मिठाच्या घोळक्यात खसखस पिकली, अगदी नाही असं नाही.

वाटाड्यानं हात ठेवला. आणि तो हात तिथे असा बसला, जसं काही माप घेऊनच केलेला. त्यानं रफूगाराला कवेत घेतलं आणि दोघं झरोक्याकडे गेले.

मावशी डोळे ताणून बघत होती. तेच दोरे, तोच रफूगार. पण वाटाड्याचं अंग दोऱ्यांना लागलं तसे ते आक्रसले नाहीत, उलट त्याला बिलगले. एकानं धरला, दुसऱ्यानं पुढे घेतला, जसं काही माहेरचं माणूस आलं. पापणी लवायच्या आत दोघं पलीकडे. दोरे पुन्हा होते तसे. एवढा वेळ जिथे रेटून रेटून घडी मोडायची वेळ आली, तिथे आता कुणी गेलं होतं याची खूणही नव्हती.

मावशीनं दोन्ही शाली उराशी धरल्या आणि बसून राहिली. आणि थोड्याच वेळात त्याच झरोक्यातून वाटाड्या परत आला. एकटा. म्हणजे अगदी एकटा नव्हे. त्याच्या मनगटाला एक ठेंगू लटकलेला होता, हातात पेटता दिवा घेतलेला. पण रफूगार कुठे होता?

मावशी धावलीच. "माझा मुलगा कुठे टाकलास?"

वाटाड्या म्हणाला, "आत सोडला. सोडावाच लागतो."

त्यानं मग सांगितलं ते असं. आतल्या घरात हे दिवेवाले ठेंगू फिरत असतात. ठेंगूनं येऊन त्याचा हात धरला की त्याची पकड आपोआप सुटते आणि आणलेलं माणूस आतच मोकळं होतं. मग तो ठेंगूला घेऊन बाहेर येतो. बाहेर आलं की ठेंगूचा दिवा विझतो, ठेंगू गळून पडतो आणि वाटाड्याचा हात पुढच्यासाठी रिकामा होतो. ठेंगू परत आत जातो, दिवा पेटवून घेतो. हे बोलत असतानाच ठेंगूचा दिवा विझला आणि तो टपकन खाली उतरून चालू लागला.

मावशीनं विचारलं की हे असं का? दिवा आतच का पेटतो, बाहेरच का विझतो?

"मला काय ठाऊक, मावशी," वाटाड्या म्हणाला. "आत आहे का बाहेर आहे ते मला त्या दिव्यावरूनच कळतं." आणि तो पुढच्याच्या पाठीवरून हात फिरवायला निघून गेला.

मावशीला यातलं निम्मं समजलं. निम्मं तिनं नंतर विचार करायला ठेवलं. आता तिला एकच कळायला हवं होतं, आत काम झालं का नाही? आणि आतलं तिला दिसत नव्हतं. स्वतःचा खांदा तिनं चाचपून बघितला. गुळगुळीत. तिला तिथे जायचंच नव्हतं कधी. तिचं काम बाहेरचं. जन्मात पहिल्यांदा असं झालं, की जवळ काहीतरी घडतंय आणि मावशी नुसती बसून आहे.

गच्चीवर सावल्या लांबल्या. प्रत काढायची वेळ येऊन ठेपली. भंगारवाला कंटाळून दुसऱ्या आळीत गेला.

आणि मग झरोक्यातून एक टोक बाहेर आलं. बारीक, लांब, वळवळतं. त्याला दुसरेच वाटाडे धरून होते, बाहेर नेणारे. टोकामागून आणखी आलं, आणखी आलं. ती नक्कल होती, कातडीच्या धाग्यांच्या पानाची, सकाळपासून अडलेली. कारखान्यातल्या लोकांनी ती तिथल्या तिथे धरली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर. मावशीला वाचता येत नव्हतं. ती वाचणाऱ्यांची तोंडं बघत होती. जिथे ती गाठ पडली होती ती जागा आली, आणि गेली. कुणी थांबलं नाही.

मावशीनं डोळे पुसले, दोन्ही शालींपैकी जी जवळ होती तिनं.

गच्चीवर बाईंची शेवटची कुरडई घालून झाली. हात चुरचुरत होता म्हणून त्यांनी पदर ओढून मनगटापर्यंत घेतला आणि गावावर एकदम गार सावली पडली. मावशीला ती बरी वाटली, आणि मग ती जरा गोंधळली. सकाळपासून कळलं काय, तर झाकू नये. आणि आता बघावं तर झाकल्यानं गार वाटतंय. झाकावं तरी कधी आणि उघडं ठेवावं तरी कधी, हे कुणी एकदाचं सांगून टाकलं तर बरं होईल, असं पुटपुटत ती कामाला गेली.

कारखान्यातून एक नवा जीव ओला, लोंबता बाहेर आला होता. मावशीनं त्याला धरलं. इथे दुमडलं, तिथे वळवलं. कमरेशी हाताला काहीतरी खडबडीत लागलं. ती हसली नाही. तिनं त्या जागेभोवतीची घडी जरा सैल ठेवली, ते बाहेर राहील अशी, आणि त्याच्या कानात सांगितलं की आतल्या घराच्या भिंतीशी एक हात लावणारा फिरत असतो. त्याच्यापासून लांब जाऊ नकोस.

तात्पर्य: मायेनं पांघरूण घालायच्या आधी खाली जे आहे ते कशासाठी आहे, हे विचारून बघावं. आपल्याला ज्याची लाज वाटते, तीच कदाचित त्या पोराची वाट असते.